अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिमवाला नव्हे, आणि त्याची तयारी आपल्या ग्राउंडवर होऊ शकते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या करिअर पुरवणीत परदेशातल्या कोर्सेसचा एक तक्ता आला होता, त्यात अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या पुढे लिहिलं होतं की जिममध्ये व्यायाम शिकवायची आवड असणाऱ्यांसाठी. आमच्याकडे सकाळी चहासोबत पेपर वाचला जातो, माझी भाची गेलं दीड वर्ष याच कोर्सच्या मागे लागलेली आहे, तिने तो तक्ता वाचला, पेपरची घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवून आत निघून गेली. काही बोलली नाही. म्हणून मी बोलतोय. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडा शिक्षक आहे, सत्तावीस वर्षं झाली शिट्टी गळ्यात आहे, लिहायची सवय नाही, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या पण काटछाट जरा कमी करा ही विनंती.

पहिले हे काम काय असतं ते सांगतो कारण मलाही दीड वर्षापूर्वी माहीत नव्हतं. २ जानेवारी २०२३ ला अमेरिकेत सिनसिनाटीला त्यांच्या फुटबॉलची मॅच चालू होती, डमार हॅमलिन नावाच्या पोराने एकाला अडवलं, छातीवर मार बसला, उठून उभा राहिला आणि दोन पावलांत मागे कोसळला, हृदय बंद पडलं होतं. त्याच्या टीमचा असिस्टंट अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन याने ग्राउंडवरच छाती दाबायला सुरुवात केली, शॉकचं मशीन लावलं, आणि तो पोरगा वाचला, नुसता वाचला नाही तर त्याच वर्षी पुढच्या सीझनला परत खेळला. तर हा असतो अ‍ॅथलेटिक ट्रेनर. डंबेल उचलायला लावणारा नव्हे. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून आधीपासून बघणारा, झाली तर पहिल्या मिनिटाला तिथे हजर असणारा, काय झालंय ते ओळखणारा, खेळायचं की बाहेर बसायचं ते ठरवणारा आणि मग महिनोन्महिने त्याला परत उभा करणारा. तिकडे हा आरोग्यसेवेतला रीतसर पेशा आहे, त्यांची संघटना १९५० ची आणि तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या असोसिएशनने १९९० मध्ये त्याला मान्यता दिलेली. तिकडच्या बऱ्याच हायस्कुलांत पण असा माणूस असतो. आपल्याकडे हायस्कूलमध्ये मी असतो, आणि माझ्याकडे एक पत्र्याचा डबा असतो ज्यात कापूस, आयोडीन आणि संपत आलेला स्प्रे.

आता माझी गोष्ट सांगतो, सांगायला लाज वाटते पण तिच्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

आठ-नऊ वर्षं झाली असतील, सतरा वर्षांखालच्या मुलींची खो-खोची जिल्हा स्पर्धा होती, माझ्या टीममध्ये भाची पण होती आणि तिची एक मैत्रीण, खांबावर सूर मारण्यात तिचा हात धरणारी अख्ख्या तालुक्यात नव्हती. ग्राउंड आपलं काळ्या मातीचं, वरून मुरूम टाकून रोलर फिरवलेला पण खाली भेगा असतातच. दुसऱ्या डावात तिने पळता पळता एकदम दिशा बदलली, पाय तिथेच रुतला, गुडघा आत वळला, कोणाचा धक्का नाही काही नाही, आणि ती बसली. नंतर ती म्हणाली सर टक् असा आवाज आला, मी स्वतः ऐकला. मी काय केलं? स्प्रे मारला, हात धरून उभं केलं, "चाल चाल, थोडं चालून बघ, मोकळं होईल" असं म्हणून तिला रेषेच्या कडेने दोन चकरा मारायला लावल्या. वरून शेवटची पाच मिनिटं परत उतरवलं कारण आम्ही दोन गुणांनी मागे होतो. संध्याकाळपर्यंत गुडघा टरबुजासारखा. घरच्यांनी आंबेहळद लावली, मग कोणी सांगितलं म्हणून लचक काढणाऱ्याकडे नेलं, त्याने ओढून बघितलं, मग उसण समजून पायाळू माणसाचा पाय लावून झाला, असे चार महिने गेले आणि मग धुळ्याला एमआरआय केला तेव्हा कळलं की गुडघ्याच्या आतला एसीएल लिगामेंट पूर्ण तुटलाय, आणि तसंच लटपटत चालत राहिल्यामुळे आतली गादी म्हणजे मेनिस्कस पण फाटलाय. ऑपरेशनचा खर्च ऐकून घरच्यांनी विषय सोडून दिला. ती आता सुरतेला असते, लग्न झालंय, दोन लेकरं आहेत, खाली मांडी घालून बसता येत नाही. दिवाळीला माहेरी आली की भेटायला येते, खुर्चीवर बसते, सर सर करते, मला तिच्या पायाकडे बघवत नाही.

टक् आवाज, धक्का न लागता गुडघा वळणं, काही तासांत फुगणं, ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की एसीएलचा संशय घ्यायचा आणि वजन टाकू द्यायचं नाही हे पहिल्या वर्षाच्या पोराला येतं असं भाची म्हणते. मला सत्तावीस वर्षांत कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही, त्यातलं अर्धं माप माझ्याच पदरात घाला.

भाचीच्या डोक्यात हे तेव्हापासून बसलं. बारावी सायन्स केलं, फिजिओथेरपीला गेली, बीपीटीची चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप, मग एका क्लिनिकमध्ये नोकरी, तिथे दिवसभर मानेचे आणि कमरेचे पेशंट, मशीन लावा, शेक द्या, पुढचा. ती म्हणायला लागली मामा मला टेबलाशी नाही राहायचं, मला ग्राउंडच्या कडेला उभं राहायचंय. मग शोधाशोध सुरू झाली. माझी बहीण म्हणजे तिची आई एकच वाक्य धरून बसली, "इतलं शिकीसन पोरेसना पाय दाबाले अमेरिकाले जाशी का व माय?" त्याला उत्तर नव्हतं तेव्हा, आता आहे, पण बहिणीला अजून पटलेलं नाही.

तर तयारीत काय काय आडवं आलं ते लिहितो, कोणाचं पोरगं या वाटेला जाणार असेल तर त्याचे सहा महिने तरी वाचतील.

सगळ्यात आधी शहरातल्या एका कन्सल्टंटकडे गेलो. एसी ऑफिस, भिंतीवर झेंडे. त्याने ऐकून घेतलं आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंटचे तीन ब्रोशर पुढे केले, म्हणे सेम फिल्ड आहे. सेम कसलं, ते तिकिटं आणि स्पॉन्सरचं शिक्षण आहे. मग दुसऱ्या चकरेला म्हणाला कायनेसिऑलॉजी म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र घ्या, एक्सरसाइज सायन्स घ्या, नंतर ट्रेनरची परीक्षा द्या. भाचीने रात्री जागून तिथल्या साइट वाचल्या तेव्हा कळलं की हे साफ खोटं आहे. तिकडे ज्या कोर्सला सीएएटीई नावाच्या संस्थेची मान्यता आहे तोच कोर्स केलेल्याला बीओसीची म्हणजे ट्रेनर व्हायची परीक्षा देता येते, आणि ती परीक्षा पास झाल्याशिवाय जवळपास कुठल्याच राज्यात लायसन मिळत नाही. म्हणजे नावात स्पोर्ट्स आहे, एक्सरसाइज आहे, कॉलेज मोठं आहे, फी भरली, दोन वर्षं गेली आणि शेवटी परीक्षेलाच बसता येत नाही असं होऊ शकतं. अजून एक खड्डा आहे, काही मास्टर्सच्या नावात अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग लिहिलेलं असतं पण ते आधीच ट्रेनर झालेल्यांसाठी वरचं शिक्षण असतं, पोस्ट प्रोफेशनल म्हणतात त्याला, नवख्याने ज्या कोर्सवर प्रोफेशनल लिहिलंय तोच बघायचा. हा एका शब्दाचा फरक कन्सल्टंटला माहीत नव्हता आणि तो फाइल उघडायचेच पैसे मागत होता.

दुसरं म्हणजे यूट्यूबवर जुने व्हिडिओ फार आहेत. पूर्वी तिकडे हे बारावीनंतरच्या डिग्रीत शिकवायचे, २०१५ ला त्यांनी ठरवलं की आता मास्टर्सच पाहिजे आणि २०२२ नंतर डिग्रीच्या कोर्सला नवीन पोरं घेणं बंद केलं. म्हणजे बारावीनंतर थेट अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगला जा असं कोणी सांगत असेल तर तो जुनी वही वाचतोय. आता आधी पदवी, मग दोन वर्षांचं मास्टर्स, त्यात क्लिनिकल काम भरपूर आणि निदान सलग चार आठवडे तर पूर्णवेळ प्रत्यक्ष कामावरच राहायचं.

मग विषयांचा घोळ. त्यांना कॉलेज लेव्हलचं बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी झालेलं लागतं. बीपीटीवाल्याचं अ‍ॅनाटॉमी फिजिऑलॉजी दणकट असतं, सायकॉलॉजी पण होतं, बायोकेमिस्ट्री असते, पण फिजिक्स? ते आपण बारावीला करून मोकळे होतो. भाचीने दहा-बारा कॉलेजांना मेल टाकले की माझ्या बायोमेकॅनिक्समध्ये सगळं फिजिक्सच आहे, बल, तरफ, टॉर्क. दोघांनी चालेल म्हटलं, सिलॅबस पाठवा म्हणाले, काहींनी वेगळा पेपर करून या म्हटलं, काहींनी उत्तरच नाही दिलं. म्हणून सांगतो, बीपीटी किंवा बीएस्सी करत असाल तर प्रत्येक वर्षाचा सिलॅबस जपून ठेवा, कारण मार्कशीटवर नुसतं विषयाचं नाव असतं आणि तिकडच्या माणसाला त्या नावावरून काही कळत नाही. बी.पी.एड. वाल्या माझ्या भावंडांनी तर हे जास्त लक्षात घ्यावं, आपल्याकडे केमिस्ट्री-फिजिक्सचा पत्ताच नसतो, त्यांना ते विषय बाहेरून करावे लागतील आणि ते आधी करावे लागतील, अ‍ॅडमिशन मिळाल्यावर नाही.

कागदपत्रांचं जास्त लिहीत नाही. ट्रान्सक्रिप्ट, त्याचं विषयवार मूल्यमापन, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं, सीपीआरचं म्हणजे छाती दाबून जीव वाचवायच्या ट्रेनिंगचं चालू सर्टिफिकेट, बऱ्याच ठिकाणी एकच ऑनलाइन फॉर्म, एटीसीएएस म्हणतात. बरेच कोर्स मे-जूनमध्ये सुरू होतात, म्हणजे आदल्या वर्षाच्या पावसाळ्यातच फॉर्मला बसलं पाहिजे, कापूस वेचणी उरकली की बघू म्हटलं तर गेलं वर्ष. आणि प्रत्येक पायरीला डॉलर.

निबंधाचा मात्र किस्सा सांगतो. तिने पहिला निबंध लिहिला, मला वाचून दाखवला, सुरुवात अशी की लहानपणापासून मला खेळाची आवड आहे. मी म्हटलं बेटा हे तर मी अठ्ठावीस पोरांच्या नोकरीच्या अर्जात वाचलंय. ती खो-खोवाली मॅच लिही ना. ती म्हणाली मामा त्यात तुमचं नाव येईल. मी म्हटलं नाव नको घालू, माय कोच लिही. बराच वेळ तिने काही टाइप केलं नाही. मग लिहिलं, आणि रात्री दोनला वाचून दाखवलं तेव्हा मी पाणी प्यायला म्हणून उठून गेलो.

आता मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हे पत्र आहे.

कितीतरी कॉलेजं म्हणतात की अर्ज करण्याआधी ऑब्झर्व्हेशनचे तास दाखवा. म्हणजे खेळाडूंसोबत काम करणाऱ्या जाणकार माणसाच्या शेजारी उभं राहून काम बघितल्याचे तास, कुठे ५०, कुठे त्याहून जास्त, त्याची सही लागते. काही तर म्हणतात तो माणूस सर्टिफाइड अ‍ॅथलेटिक ट्रेनरच पाहिजे, तसा माणूस इथे कुठून आणायचा, पण काही कॉलेजं परदेशी मुलांना स्पोर्ट्स फिजिओचे तास चालवून घेतात. आता मला सांगा जळगाव धुळे नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आमच्या शालेय स्पर्धांच्या ग्राउंडवर स्पोर्ट्स फिजिओ कधी बघितलाय तुम्ही? मी बघितला नाही. भाचीला ते तास करायला पुण्याला जाऊन राहावं लागलं, कॉट बेसिसवर, दोन महिने. तिच्यामागे मामा होता म्हणून जमलं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पोरीने काय करायचं? तिकडची पोरं अनवाणी डोंगर चढतात उतरतात, त्यांच्यातून कोणी हे शिकलं तर आपल्याच पोरांना बघेल, पण तिला पन्नास तासांसाठी पुणं गाठावं लागत असेल तर ती फॉर्मच भरणार नाही.

पुण्याहून आली तेव्हा ती माझ्या घोट्यावर टेपिंगची प्रॅक्टिस करायची, ओट्यावर बसून. पांढरी चिकटपट्टी असते, ताणली तरी न ताणणारी. आधी नडगीवर आणि पावलावर गोल पट्टी, ते अँकर. मग नडगीच्या एका बाजूने टाचेखालून दुसऱ्या बाजूला वर, घोड्याच्या रिकिबीसारखी, तिला इंग्रजीत स्टिरप म्हणतात म्हणजे रिकीबच, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात बघितलेली. मग आठाच्या आकड्यासारखा वळसा आणि शेवटी टाच दोन्हीकडून लॉक. एकही सुरकुती राहता कामा नये, राहिली की फोड येतो. पहिल्या दिवशी तिला पंधरा मिनिटं लागली आणि माझी बोटं निळी पडली, महिनाभरात चार मिनिटांवर आली. काढताना माझ्या पायावरचे केस पार गेले, शेजारच्या वहिनी ओरडण्याचा आवाज ऐकून बघायला आल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी टेप लावून मी ग्राउंडवर पळालो, जुना मुरगळलेला पाय आहे माझा, आणि भो काय सांगू, पाय वळायचं नावच घेत नव्हता.

दुसरं तिने दाखवलं ते उन्हाचं. हे प्रत्येक भरतीवाल्या पोराच्या बापाने वाचावं. आपल्याकडे पोलीस भरतीची जाहिरात यायची चाहूल लागली की पोरं सोळाशे मीटरच्या मागे लागतात, डांबरी रोडवर, मिळेल त्या बुटात, एप्रिल-मे मध्ये पण, जळगावचा पारा ४५ ला टेकलेला असताना सकाळी उशीर झाला तर नऊ-साडेनऊला. नडगी दुखते तरी पळतात, म्हणतात गरम झाल्यावर दुखत नाही. ते नडगीचं दुखणं दाबत राहिलं तर हाडाला बारीक चीर जाते. पण ऊन लागणं त्याहून वाईट, ते जीव घेतं. २०१४ ला मुंबईत भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात उमेदवार दगावले होते ते आठवत असेल तुम्हाला. अमेरिकेत पण २००१ ला कोरी स्ट्रिंगर नावाचा सत्तावीस वर्षांचा नामांकित खेळाडू प्रॅक्टिसमध्ये उष्माघाताने गेला, त्यानंतर तिकडे यावर फार काम झालं, त्याच्या नावाने संस्था आहे. त्यांचं सूत्र एकच, आधी थंड करा, मग हलवा. पळताना पोरगा बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, पडला, आणि शरीराच्या आतलं तापमान साडेचाळीसच्या वर गेलेलं असेल तर अर्ध्या तासाच्या आत ते खाली आणावं लागतं. आपण काय करतो, कांदा हुंगवतो, तोंडावर पाणी मारतो, रिक्षात घालतो आणि दवाखाना शोधतो, त्यातच अर्धा तास जातो.

भाचीने मळ्यातली ताडपत्री आणली, पोरांपैकी एकाला मध्ये झोपवला, चौघांना चार कोपरे उचलायला लावले म्हणजे झोळी झाली, त्यात बादल्यांनी पाणी आणि रसवंतीवाल्याकडून आणलेली बर्फाची अर्धी लादी फोडून टाकली, आणि झोळी इकडून तिकडे हलवत राहायचं म्हणजे पाणी अंगावरून फिरत राहतं, डोकं मात्र वर धरायचं. पोरगा ठणठणीत होता तरी दोन मिनिटांत बोंबलत उठला. हे काही तिचं डोकं नाही, तिकडच्या पुस्तकातच आहे, ज्या ठिकाणी मोठा टब नसतो तिथे ताडपत्रीने असंच करतात. आणि मला एवढंच वाटलं की ताडपत्री, विहीर आणि रसवंतीचा बर्फ, यातलं काय कमी आहे हो खान्देशात? कमी आहे ते फक्त हे माहीत असलेला माणूस.

तर मागणी अशी. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत शालेय स्पर्धा ऑगस्टपासून दिवाळीपुढेपर्यंत चालतात, चौदा सतरा एकोणीस वयाचे गट, मुलं मुली, कबड्डी खो-खो कुस्ती अ‍ॅथलेटिक्स, तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत दिवसच्या दिवस. तिथे टेबलावर पंच असतात, नारळ फोडायला पाहुणे असतात, ढोल असतो. एका खुर्चीवर फिजिओथेरपिस्ट बसवा आणि त्याच्या शेजारी फिजिओ कॉलेजची दोन पोरं उभी करा. त्या पोरांच्या वहीवर तासांची सही द्या, क्रीडा कार्यालयाचा शिक्का द्या. त्या कागदाला कुठलं कॉलेज किती मान देईल ते त्यांच्यावर, पण ज्यांना अमेरिकेला जायचं नाही, इथेच दोन वर्षांचं एमपीटी म्हणजे फिजिओचं मास्टर्स स्पोर्ट्सला करायचं, त्यांना पण हाच अनुभव लागतो. खरं म्हणजे बहुतेकांनी तेच करावं असं माझं मत आहे, कर्ज काढून जायचं, व्हिसाचा भरवसा नाही, आणि शिकून आल्यावर इथे त्या नावाची पोस्टच नाही, लोक विचारणार जिम कुठे टाकली. भाचीला मी हे तोंडावर सांगितलंय. ती म्हणते मामा मी शिकून तर येते, पोस्टचं आल्यावर बघू. जिद्द आपल्या मातीची, काय करणार.

यात एक धोका आहे तो पण लिहून ठेवतो नाहीतर कोणी डॉक्टर साहेब पत्र पाठवतील. शिकाऊ पोरांनी फक्त बघायचं आणि सांगितलेलं करायचं, स्वतःच्या डोक्याने हात लावायचा नाही. खांदा निखळला तर ओढून बसवायचा नाही. कबड्डीत डोक्याला डोकं आपटून पोरगा भांबावला तर त्याला त्या दिवशी परत उतरवायचं नाही, मग फायनल असो की काही असो, आणि तो निर्णय कोचचा नसेल, खुर्चीवरच्या माणसाचा असेल. हे शेवटचं आम्हा क्रीडा शिक्षकांना सगळ्यात जड जाणार आहे. मला गेलं असतं. दोन गुणांनी मागे असताना कोणी मला सांगितलं असतं की ही पोरगी आता बसेल, तर मी त्याच्याशी भांडलो असतो, आणि मला तेच पाहिजे होतं की कोणीतरी माझ्याशी भांडायला तिथे पाहिजे होतं.

खर्चाचं म्हणाल तर हृदयाच्या शॉकचं मशीन महाग आहे, ते लगेच येणार नाही हे समजतं. पण छाती दाबायला मशीन लागत नाही. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल, छातीच्या मधोमध, १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. आमच्या शाळेत मागच्या गुरुवारी भाचीने दहावीच्या पोरांना गाद्यांची गुंडाळी करून त्यावर हे शिकवलं. मी पण केलं. दोन मिनिटांत घाम फुटला, तिने घड्याळात बघून सांगितलं मामा स्पीड पडला, हात बदला. बावन्न वर्षांच्या माणसाला भाचीने हात बदला म्हणणं, ठीक आहे, बदलला.

तिचे पाच अर्ज गेलेत, एकाचा नकार आलाय, बाकीच्यांचं उत्तर यायचंय. तोवर ती इथेच आहे. आमच्या तालुक्याची खो-खो स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, मी संयोजकांना तोंडी विचारलं तर ते म्हणाले वरून लेखी आलं तर बघू. तुम्ही हे छापलंत तर कदाचित वरून लेखी येईल. खुर्ची शाळेची देतो, ताडपत्री घरची आहे, बर्फाचं मी रसवंतीवाल्याशी बोलून ठेवलंय.

तुमच्या तक्त्यातली ती ओळ पण दुरुस्त करा.

आपला,
एक क्रीडा शिक्षक, ता. अमळनेर, जि. जळगाव
(नाव छापू नये, भाचीने ताकीद दिली आहे)